पॅकेज ३.६० लाख, हातात साडेतेवीस हजार: सोडू की थांबू?

"सर, मी रावेर तालुक्यातला. जळगावजवळच्या कॉलेजातून कॉम्प्युटरमध्ये बी.ई. केलं आणि कॅम्पसमधूनच हिंजवडीच्या एका कंपनीत लागलो. बावीस महिने झाले. पॅकेज ३.६० लाख, खात्यात साडेतेवीस हजार येतात. काम सपोर्टचं, एक आठवडा सोडून नाइट शिफ्ट. गेल्या वर्षी पगारवाढ झाली नाही, यंदा सहा टक्के सांगितलेत. वर्गातला मित्र सात लाखांवर गेला. आबा म्हणतात, रात्रीचा जागून एवढंच मिळत असेल तर घरी ये, एमपीएससी कर. दोन वर्षांच्या आत सोडलं तर एक लाख भरायचा बॉण्ड आहे. इथे एक जण चाळीस हजारात तीन वर्षांचा अनुभव कागदावर करून देतो म्हणतो. राजीनामा टाकू का?"

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुला पगार कमी वाटतो, कारण तो कमीच आहे. हे आधी सांगतो, कारण दोन वर्षं तू स्वतःलाच कमी समजत आलास, हे तुझ्या पत्रात दिसतं. २०१० च्या सुमाराला मोठ्या आयटी कंपन्या फ्रेशरला वर्षाला तीन-सव्वातीन लाख देत होत्या. आज तू ३.६० वर आहेस. २०१२ चा ग्राहक किंमत निर्देशांक १०० धरला, तर २०२५ मध्ये तो १९० च्या वर गेला होता. म्हणजे महागाई दुपटीच्या जवळ पोचली आणि पहिला पगार जवळजवळ जागच्या जागी राहिला. दरवर्षी लाखो इंजिनिअर बाहेर पडतात, जागेपेक्षा माणसं जास्त, म्हणून कंपन्यांना तो वाढवावा लागत नाही. यात तुझी लायकी कुठे आली?

आता तीस हजारांचे साडेतेवीस कसे होतात ते पाहा. बेसिक पंधरा हजार धरलं तर त्यावर कंपनीचा पीएफ बारा टक्के, १,८०० रुपये. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, सव्वासातशेच्या आत. मेडिक्लेमचा हप्ता आणि वर्षाअखेरी कामगिरी पाहून मिळणारा व्हेरिएबल, मिळून दोनेक हजार. हे सगळं पॅकेजमध्ये मोजलेलं असतं, पण दरमहा हातात येत नाही. उरलेल्यातून तुझा स्वतःचा पीएफ पुन्हा १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला, की तुझा आकडा येतो. मित्राच्या सात लाखांतही हेच असणार. त्याचं व्हेरिएबल किती आणि हातात किती येतात, हे विचारल्याशिवाय त्याच्याशी तुलना करू नकोस. आपल्याकडे स्थळाच्या बायोडेटात पॅकेज लिहितात, हातातला पगार कोणी लिहीत नाही. त्या सवयीने फार पोरं उगाच झुरतात.

तू केळीच्या मुलखातला आहेस, म्हणून तुझ्याच घरातलं विचारतो. बाग कापणीला आली की आबा दारात आलेल्या पहिल्या व्यापाऱ्याच्या शब्दावर माल देतात का? रावेरला आज काय भाव निघाला, बऱ्हाणपूरला काय, हे फोनवर विचारल्याशिवाय कोयता चालत नाही. तू मात्र कॅम्पसमध्ये जो भाव मिळाला तोच धरून बसलास आणि आता एकदम बागच सोडायला निघालास. मधलं भाव विचारायचं काम राहूनच गेलं. येत्या दोन महिन्यांत किमान चार मुलाखती दे. मुलाखत दिली म्हणजे राजीनामा दिला असं होत नाही. कुठे अडलास ते त्याच रात्री वहीत लिही. चौघांनीही एकाच प्रश्नावर अडवलं, तर तुझा पगार तिथे अडकलाय असं समज.

माझा अंदाज सांगतो. तुझी अडचण कंपनीपेक्षा कामात आहे. तिकीट, म्हणजे तक्रार, आलं, सिस्टिमच्या नोंदींचा लॉग पाहिला, ठरलेली क्वेरी चालवली, तिकीट बंद केलं. हे दोन वर्षं केलेल्या माणसाला दुसरी कंपनीही तेच काम देईल, फार तर साडेचार लाखांना. दीड वर्षाने तू मला हेच पत्र पुन्हा लिहिशील. भाव वाढवायचा तर काम बदलायला हवं, आणि त्याची सुरुवात आहे त्याच खुर्चीतून होते. सपोर्टला लोक हलकं समजतात, मी समजत नाही. चालू सिस्टिम रात्री दोनला कुठे मोडते हे डेव्हलपरपेक्षा तुला जास्त ठाऊक आहे. दर आठवड्याला परत परत येणारी पाच तिकिटं निवड. त्यातलं एक तरी स्क्रिप्ट लिहून कायमचं बंद कर. आधी किती वेळ जायचा आणि आता किती जातो, ते नोंदवून ठेव. मुलाखतीत ही एक गोष्ट दहा सर्टिफिकेटांपेक्षा जास्त बोलते. त्याच जोरावर मॅनेजरला मेलवर लिहून डेव्हलपमेंट किंवा ऑटोमेशनच्या प्रोजेक्टमध्ये बदली माग. तोंडी मागितलेलं अप्रेझलच्या वेळी कुणालाच आठवत नाही.

चाळीस हजारवाल्या माणसाचा नंबर आजच काढून टाक. हे मी कळवळून सांगतोय. तुझ्या यूएएनवर, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणाऱ्या पीएफच्या नंबरवर, कोणत्या कंपनीने कोणत्या महिन्यापासून पीएफ भरला, ते सगळं दिसतं. नवी कंपनी पडताळणीत तेच मागते. खोटा अनुभव जॉइन झाल्यावर सहा महिन्यांनी उघडा पडला तरी नोकरी जाते, आणि बावीस महिन्यांच्या खऱ्या कामावरही कोणी विश्वास ठेवत नाही. माझ्यासमोर बसून रडलेली पोरं आहेत यातली.

बॉण्डबद्दल. "कोर्टात टिकत नाही" असं पीजीमधले सांगतात, त्यावर जाऊ नकोस. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. ती सरकारी बँक होती, तुझा करार वेगळा असेल. पण तुझे तर दोनच महिने उरलेत. एवढ्यासाठी लाखाचा वाद कशाला ओढवून घ्यायचा? शेवटचा दिवस मुदतीच्या पुढे जाईल असा राजीनामा टाक. नोटीस साठ दिवसांची की नव्वद, ते नेमणूकपत्रात बघ. नोटीस न देता निघून गेलास तर रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, अडकेल आणि पुढची कंपनी पहिल्यांदा तेच मागेल. पीएफ काढू नकोस, नव्या खात्यात वर्ग कर. पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागू शकतो.

दुसरी ऑफर लेखी हातात येईपर्यंत मात्र राजीनामा नाही. मी स्वतः पहिली नोकरी रागाच्या भरात सोडली होती. पगार तिथेही कमी होता, राग खरा होता. पण पाच महिने घरी बसल्यावर पुढच्या मुलाखतीत मी पगार मागू शकलो नाही, जो सांगितला तो घेतला. घरी बसलेल्या माणसाचा भाव समोरचा ठरवतो.

आबांचं राहिलं. ते तुझ्या जागरणाने हळहळतात, एमपीएससी हा त्यांना सुचलेला उपाय आहे. तुला त्या नोकरीची ओढ आहे का? पत्रात तू त्याबद्दल एकच वाक्य लिहिलंस, तेही त्यांचं. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. ती सलग काही वर्षं मागते, ज्याचं मन तिथे आहे त्याने ती जरूर द्यावी. पगाराला कंटाळून तिकडे वळलेल्यांची पंचविशी-तिशी मी जळगावच्या अभ्यासिकांमध्ये सरताना पाहिली आहे. पोटात कालवतं. जळगावातच नोकरी बघू का, असंही तुझ्या मनात येत असेल. तिथे पाइप, चटई, डाळ यांचे कारखाने आहेत, तुझ्या कामाच्या जागा मोजक्या. आत्ता तरी नको.

या रविवारी आबांना फोन कर. पगाराचा विषय काढण्याआधी नाइट शिफ्ट बदलून मागितली आहे एवढं सांग, आणि ती खरोखर माग. ऑफर आली की सही करण्याआधी मला पाठव. व्हेरिएबल किती आणि नोटीस किती दिवसांची, ते आपण दोघं बसून पाहू.