अश्रुधुराची भुकटी धुतलेले पाणी कुठे सोडावे?

प्रश्न (पिंपळगाव बसवंत): महामार्गालगतच्या कांद्यात अश्रुधुराच्या नळकांड्या पडल्या. गोठा आणि ओटा धुण्याच्या सोड्याने धुतला. ते पाणी कांद्याला दिले किंवा शेततळ्यात गेले तर चालेल का? गाईंना काही होईल का?

उत्तर: शेततळ्यात ते पाणी अजिबात जाऊ देऊ नका. सोड्याने धुतल्यावर भुकटीचे झोंबणे थांबते, विष मात्र पूर्ण जात नाही.

अश्रुधूर म्हणजे वायू नव्हे. ती सीएस नावाची बारीक भुकटी असते. पाण्यात विरघळलेले सीएस ७ सामूला (सामू म्हणजे पीएच, आम्ल-अल्कतेचे माप) साधारण १५ मिनिटांत निम्मे मोडते, ९ सामूला मिनिटभरात. सोडा याचसाठी वापरतात. पण मोडल्यावर क्लोरोबेन्झाल्डिहाइड आणि मॅलोनोनायट्राइल मागे उरतात. यातले दुसरे जास्त घातक. जनावराच्या अंगात त्यापासून सायनाइड तयार होते, म्हणजे कोवळी ज्वारी खाऊन जनावराला किराळ (विषबाधा) लागते तोच प्रकार. माशांनाही ते विषारीच, आणि प्लास्टिक अस्तराच्या तळ्यातून पाणी मुरून जात नाही.

कांद्याला हे पाणी न देण्याचे कारण खुद्द सोडाही आहे. ५ टक्के द्रावणात लिटरला ५० ग्रॅम सोडा असतो. त्यातल्या सोडियमने काळी जमीन घट्ट बसते, पाणी मुरेनासे होते, हळूहळू चोपण (क्षारट, नापीक) होते. आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या रानाचा सामू बहुधा ८ च्या आसपास असतोच. त्यामुळे रानात पडलेल्या भुकटीवर सोडा टाकू नका. साधी ओल पुरते. ब्लीचिंग पावडर तर नकोच, तिने आणखी त्रासदायक पदार्थ तयार होऊ शकतात.

धुतलेले पाणी विहीर, ओढा, तळे यांपासून लांब, पीक नसलेल्या जागी उथळ चरात पसरून मुरू द्या. तिथे जनावरे सोडू नका.

नळकांडीभोवती जळालेला काळा डाग दिसेल. तिच्यात पोटॅशियम क्लोरेट असते आणि क्लोरेट तणनाशकासारखे रोप मारते. हातमोजे घालून तेवढी वरची दोनेक इंच माती खरवडून पोत्यात भरा. न फुटलेली नळकांडी उचलू नका, ११२ ला कळवा.

भुकटी बसलेली कांद्याची पात विकू नका, जनावरांनाही घालू नका. द्राक्षाच्या घडावरच्या मेणचट थरात ती चिकटते. असे घड काढून टाका.

गव्हाण आणि हौद रिकामे करून साध्या पाण्याने दोनदा धुवा, मगच भरा. गाय जोरजोरात श्वास घेत असेल, लाळ गाळत असेल, हिरड्या लालभडक दिसत असतील तर घरगुती उपाय करत बसू नका. लगेच पशुवैद्यकाला बोलवा किंवा १९६२ ला फोन करा. सायनाइडवरचे इंजेक्शन वेळेत मिळाले तरच उपयोगी पडते.