टीओएफ (हृदयात छिद्र आणि फुफ्फुसाकडं जाणारी वाट अरुंद असलेला जन्मजात आजार) असलेल्या ५ वर्षांच्या मुलाचं २ दिवस डोकं दुखतंय, उलट्या होतायत, ऊन लागलं असेल का?

ऊन लागलंय असं धरून घरी थांबू नका, आजच सिव्हिलला किंवा सीटी स्कॅनची सोय असेल तिथं न्या, कारण अशा मुलाच्या मेंदूत पू झालेला असू शकतो. मी सोलापुरातच लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे. होतं काय, एरवी रक्तातले जंतू फुफ्फुसात गाळले जातात पण टीओएफमध्ये थोडं रक्त फुफ्फुसात न जाताच हृदयातल्या छिद्रातून परस्पर अंगात आणि मेंदूकडं जातं, त्यात या मुलांचं रक्त मुळातच घट्ट, उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की आणखी घट्ट, मग किडलेल्या दातातले जंतूसुद्धा मेंदूत जाऊन बसतात. ताप नाही म्हणून निवांत राहू नका, बऱ्याचदा नसतोच. झटका आला, एक हात लुळा पडला किंवा पोरगं गुंगीत गेलं तर लगेच १०८ ला फोन करा. इकोची (हृदयाच्या सोनोग्राफीची) फाईल सोबत घ्या आणि हार्टचं आधी सांगा, स्कॅन न करता पाठीतलं पाणी काढलं तर जिवावर बेतू शकतं. अर्थात हे ओठ-नखं निळी पडणाऱ्या मुलांबद्दल, नुसतं बारीक छिद्र असेल तर हा धोका फार कमी.