टाळ्या खऱ्या की चिकटवलेल्या?

प्रश्न : माझा मामा म्हणतो सगळे लाइव्ह अल्बम नंतर स्टुडिओत दुरुस्त करतात, मग डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचा लाइव्ह अल्बम 'मेड इन जपान' एवढा भारी कसा काय? तोही तसलाच का?

उत्तर : मामा अगदीच चुकीचं बोलत नाहीत हं, बऱ्याच अल्बमांत बेसूर जागा मागाहून परत गाऊन भरलेल्या असतात. पण हा त्यातला नाही. ऑगस्ट १९७२, १५ आणि १६ला ओसाका, १७ला टोकियोचं बुडोकान सभागृह, तीन शो टेप केले आणि त्यातून सात गाणी निवडली, बहुतेक ओसाकाचीच. खरी गंमत म्हणजे बँडला हे लाइव्ह रेकॉर्डिंग नकोच होतं, जपानी रेकॉर्ड कंपनी मागे लागली म्हणून हो म्हटलं आणि तेही आमचाच साउंड इंजिनिअर मार्टिन बर्च पाहिजे या अटीवर, नि अल्बम आधी फक्त जपानपुरताच काढायचा होता.

'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' हेडफोन लावून ऐका, बँडचा गिटारिस्ट ब्लॅकमोर गिटारवर एक तुकडा टाकतो आणि गायक गिलन तोच गळ्यातून परत करतो, आपल्याकडे याला सरळ जुगलबंदी म्हणतात. 'स्पेस ट्रकिन' तर जवळपास वीस मिनिटं, दोन एलपी तबकड्यांच्या या अल्बमची अख्खी चौथी बाजू खाते (मला स्वतःला तिथे थोडा कंटाळा येतो, मारू नका). ड्रम सोलो हवा असेल तर 'द म्यूल', तो टोकियोचा. मामांना 'चाइल्ड इन टाइम' ऐकवा, आवाज मोठा ठेवून.