देवगिरीचे यादव इतक्या लवकर कसे कोसळले?

आपला प्रश्न असा आहे की दुसऱ्या सिंघणाच्या काळात दक्षिणेत दरारा असलेले यादव घराणे 1296 च्या एकाच स्वारीत कसे नमले. माझ्या मते सैन्याच्या दुबळेपणापेक्षा गाफीलपणा अधिक भोवला. प्रयागजवळच्या कऱ्याहून निघालेला अलाउद्दीन खलजी विंध्य ओलांडून थेट देवगिरीपाशी येऊन ठेपला, तेव्हा युवराज शंकरदेव मुख्य फौजेसह बाहेर होता आणि राजा रामचंद्रदेवाजवळ मोजकेच सैनिक उरले होते. इतिहासकार फिरिश्त्याने दिलेल्या हकिकतीप्रमाणे, घाईघाईने किल्ल्यात भरलेली पोती धान्याची समजून घेतली होती, ती उघडल्यावर मिठाची निघाली. कडा तासलेला तो डोंगर शत्रूला चढता आला नसता, पण उपाशी शिबंदी किल्ला किती दिवस लढवणार?

तरीही राज्य त्या दिवशी बुडाले नाही, हे आवर्जून सांगावेसे वाटते. खंडणी आणि एलिचपूरचा (आजचे अचलपूर) महसूल कबूल करून रामचंद्रदेव टिकला. पुढे, दिल्लीचा सुलतान झालेल्या अलाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर याने रामचंद्रदेवाला दिल्लीस नेल्यावरही सुलतानाने त्याला सन्मानाने परत पाठवले. वडिलांच्या मृत्यूनंतर शंकरदेवाने दिल्लीचे मांडलिकत्व झुगारले आणि तो मारला गेला, तर रामचंद्रदेवाचा जावई हरपालदेव याचे बंडही क्रूरपणे मोडण्यात आले.

दिल्लीची सत्ताही इथे फार काळ रुजली नाही, कारण 1347 मध्ये दौलताबाद असे नाव मिळालेल्या याच देवगिरीत बंडखोर अमीरांनी हसन गंगूला तख्तावर बसवले आणि बहमनी राज्य सुरू झाले.