पाकिटावरचे भयानक फोटो आणि थिएटरातल्या जाहिराती बघून कुणी खरंच सिगरेट सोडतं का?

माझ्यापुरतं विचाराल तर फोटो बघून नाही सोडली. आणि ते फोटो मी तुमच्यापेक्षा जास्त बघितलेत, हर्णै बंदराजवळ टपरी आहे माझी, अकरा वर्षं सिगरेट विकली आणि त्याच्या दुप्पट वर्षं ओढली. 2016 पासून पाकिटाचा 85 टक्के भाग त्या इशाऱ्याने भरलाय, पण गिऱ्हाईकाला पाकीट दिसतंय कुठे? खलाशी येणार, "एक दे रे" म्हणणार, सुटी घेऊन टपरीला टांगलेल्या सुंभावर पेटवणार आणि जेटीकडे चालू पडणार, फोटो राहिला माझ्याकडे. 2020 मध्ये राज्यात सुटी सिगरेट-बिडी विकायला बंदी आली, पण कुठल्याही टपरीवर जाऊन एक मागून बघा, कळेल. अख्खं पाकीट घेणारे दोन-चारच, त्यातला एक म्हणायचा हा गळ्यावाला नको, दुसऱ्या फोटोचं दे.

थिएटरातल्या त्या स्पंजच्या जाहिरातीचं तर विचारूच नका, आमच्यातला एक जण तो आवाज इतका हुबेहूब काढायचा की लोक हसून हसून बेजार. मध्यंतरात आम्ही बाहेर जाऊन ओढून यायचो आणि पुढचा इशारा पडद्यावर लागायचा तेव्हा हाताला अजून वास असायचा.

मला उपयोग झाला तो फोटोसोबत छापलेल्या नंबरचा. 1800-11-2356, तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, नंबर 2018 पासून पाकिटावर असतो. एका रिकाम्या दुपारी पाकिटं लावता लावता चाळा म्हणून लावला तर लागलाच नाही, सोमवार होता आणि सोमवारी बंद. मंगळवारी लागला. मला वाटलं आता भाषण. तर फोनवरच्या मॅडमनी पहिलं काय विचारलं, "दादा, उठल्यावर पहिली किती वेळाने ओढता?" म्हटलं उठायच्या आधीच म्हणा ना. अर्ध्या तासाच्या आत पहिली लागत असेल तर सवय जास्त मुरलेली असते म्हणे, मग त्यांच्या सांगण्यावरून डॉक्टरकडे गेलो आणि त्यांनी 4 मिलिग्रॅमचा निकोटिन गम लिहून दिला.

इथे एक गोष्ट नीट सांगतो कारण दुकानदार सांगत नाही. तो गम पोरांच्या च्युइंगगमसारखा चावायचा नाही. मी चावला आणि दिवसभर उचक्या आणि छातीत जळजळ. हळू चावायचा, जिभेला झोंबायला लागला की गालात दाबून ठेवायचा, झोंबणं गेलं की परत चावायचा. दुसरं म्हणजे मी तलफ मारायला खिशात आमसुलं ठेवायचो, तोंडात एक टाकलं की दोन-चार मिनिटं निघतात, पण आंबट तोंडात असलं की गममधलं निकोटिन नीट शोषलंच जात नाही, त्यामुळे आमसूल, सोलकढी, चहासुद्धा, सगळं गमच्या पंधरा मिनिटं आधी बंद. हे मला आठवड्याने कळलं, तोपर्यंत गमचे पैसे पाण्यात.

एकोणीस दिवस निघाले. मग शिमगा आला, पालखी नाचवून दमलो, कुणीतरी पुढे केली आणि घेतली. त्या रात्री चार. वाटलं झालं, आता कशाला फोन उचलायचा (तिकडूनच फोन येतो अधूनमधून), पण उचलला. मॅडम ओरडल्या नाहीत, "चारच ना? मग उद्यापासून परत." दुसऱ्या वेळेला टिकलं, आता चौथं वर्ष.

म्हणून जाहिराती फुकट आहेत असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत 2012 ला खऱ्याखुऱ्या माजी सिगरेटवाल्यांना पुढे आणून जाहिराती केल्या, आवाजपेटी काढलेली बाई वगैरे, पण खाली फोन नंबर होता आणि त्या दिवसांत तिथल्या हेल्पलाइनचे फोन दुपटीहून वाढले. नुसतं घाबरवलं की माणूस मान फिरवतो, घाबरवून लगेच पुढे काय करायचं ते सांगितलं तर एखादा ऐकतो.

आमच्याकडे दरवर्षी 31 मेला बोर्ड घेऊन मंडळी येतात, तंबाखूविरोधी दिन. 1 जूनपासून मासेमारी बंद, त्यामुळे त्या दिवशी अख्खं गाव होड्या वर ओढण्यात, घामाने निथळत, त्यात कोण ऐकतंय? गेल्या वर्षी मी त्यातल्या ताईंना म्हटलं पुढच्या वेळी जुलैत या, जाळं दुरुस्त करताना माणूस तास-दोन तास एका जागी बसलेला असतो आणि त्याला बोलायला कुणीतरी हवंच असतं. हो म्हणाल्या. बघू येतात का.