वाचकांचे प्रश्न : शिकार, शेती आणि नेमबाजी, एकाच रायफलीत भागेल का?

प्रश्न : मला नेमबाजीची आवड आहे. काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे, तिथे रानडुकरं आणि रोही (नीलगाय) फार नासधूस करतात. दोन्हीकडे चालेल अशी एकच रायफल घ्यायची आहे. .२२, .३१५ की .३०-०६? (एक वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : नेमबाजीसाठी .२२ घ्या (हा आकडा बोअरचा, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचा, इंचांत). बागेसाठी यांतली एकही घेऊ नका.

आधी कायद्याचं बघू. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हौशी शिकार बंद आहे. पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकराला किंवा रोह्याला मारायचं असेल, तर आधी वनखात्याची लेखी परवानगी हातात हवी. जवळ बंदुकीचा परवाना आहे म्हणजे ही परवानगीही मिळाली, असा समज खेडोपाडी आढळतो. तो चुकीचा आहे आणि माणसाला थेट तुरुंगात नेऊ शकतो. पीकरक्षणासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. ती पुरत नाही असं परवाना अधिकाऱ्याला पटलं, तर किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीवाली बंदूक, म्हणजे आपली नेहमीची बारा बोअर. रायफलचं नाव त्यात नाही, आणि त्यामागे चांगलं कारण आहे.

.२२ची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची. एवढीशी गोळी, पण नळी वर धरून सुटली तर दीड किलोमीटरच्या आसपास जाते. .३१५ची गोळी २४४ ग्रेनची, जवळपास सहापट जड, ती आणि .३०-०६ तीन किलोमीटरच्या पुढे जातात. काटोल-नरखेडकडची बाग म्हणजे सपाट रान, मधे पांदण, पलीकडे दुसऱ्याचं शेत, तिथे रात्री ओलीत करणारा माणूस. डुक्कर हुकलं किंवा गोळी आरपार गेली, तर ती अडवायला मागे मातीचा बांधसुद्धा नसतो. बारा बोअरचे मोठे छर्रे ३०-३५ मीटरपलीकडे नेमकेपणा गमावतात आणि रायफलच्या गोळीपेक्षा फार लवकर जमिनीवर येतात. बागेत नेमकं हेच हवं. .२२ला तर डुकरासाठी ताकदच नाही. जखमी डुक्कर पऱ्हाटीत शिरलं, की सकाळी वेचणीला येणाऱ्या बायांच्या जिवाला धोका.

आता नेमबाजी. ऑलिंपिकमधली ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) स्पर्धा .२२ लाँग रायफल काडतुसावरच होते. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं कांस्यपदक मिळवलं ते याच प्रकारात. .३१५ मजबूत आहे, पण तिच्या धक्क्यानं नवशिक्या खटका ओढण्याआधीच खांदा आक्रसायला लागतो, आणि ही खोड नंतर महिनोन् महिने जात नाही. शिवाय नेम बसतो तो गोळ्या झाडून, आणि मोठ्या बोअरची काडतुसं महाग. .३०-०६ परवान्यावर मिळू शकते; .३०८ मिळणार नाही. लष्कराचं ७.६२ काडतूस जिच्यात बसतं ती रायफल आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सर्वसाधारण परवान्यावर न मिळणाऱ्या शस्त्रांत मोडते, .३०३ही तशीच.

नागपूर शहरात परवान्याचा अर्ज पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. पण आधी क्लबचं सदस्यत्व घ्या आणि क्लबच्याच रायफलीवर एक मोसम काढा. स्वतःच्या रायफलीची घाई नको. २०१९च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. बागेसाठी बारा बोअर घेतलीत, तर उरलेली एक जागा विचार करूनच भरा.

प्रश्न : क्लबची .२२ सकाळी ५० मीटरवर दहाच्या आत मारते, दुपारी गोळ्या वर आणि उजवीकडे सरकतात. रायफल बिघडली का? (महाविद्यालयीन खेळाडू, नागपूर)

उत्तर : बहुधा नाही. तुमच्या लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं आणि पुढची प्रत्येक रिंग ८ मिलिमीटर रुंद. गोळीचा वेग सेकंदाला साधारण ३२५ मीटर. त्यात १० मीटरचा फरक पडला, की ५० मीटरवर गोळी सात-आठ मिलिमीटर वर किंवा खाली लागते, म्हणजे पूर्ण एक रिंग. उन्हात तापलेल्या काडतुसातली दारू जोरात जळते. मे महिन्यात काडतुसांची पेटी गोळीबाराच्या जागेवर उन्हात उघडी असेल, तर वर जाण्याचं कारण तिथेच शोधा. पेटी सावलीत, कापडाखाली ठेवा, आणि गोळी नळीत भरून ठेवून नेम धरत बसू नका; तापलेल्या नळीत ती आणखी गरम होते.

उजवीकडचं सरकणं वाऱ्याचं. डावीकडून ताशी १० किलोमीटरचा हलका वारा असला तरी गोळी दीड-दोन सेंटीमीटर ढकलली जाते. दुपारी वारा वाढतो. वाऱ्याच्या पताका बघा आणि दोन झुळुकांच्या मधे मारा.

एवढं करूनही फरक राहिला तर तीन गोष्टी तपासा. काडतुसांच्या पेटीवरचा लॉट नंबर बदललाय का? एकाच कंपनीचे दोन लॉट एकाच नळीतून वेगळे लागतात. कंपनीच बदलली असेल, तर नळीत बसलेला जुन्या गोळ्यांवरच्या मेणाचा थर जाऊन नवा बसेपर्यंत १५-२० गोळ्या हिशोबात धरू नका. दस्त्याचे स्क्रू सैल आहेत का? ते दरवेळी सारख्याच जोरानं, टॉर्क पान्यानं आवळा. आणि नळी कुणी पुढच्या तोंडातून सळई घालून साफ केली आहे का? तोंडाची कड सळईनं घासली, की गोळी बाहेर पडताना मागची हवा एका बाजूनं आधी सुटते, गोळी तिरकी होते, आणि मग कितीही नेम धरा, गट फाटतोच, म्हणजे गोळ्या एका जागी न लागता विखुरतात. सफाई नेहमी मागच्या बाजूनं, सळईला मार्गदर्शक नळी लावून. पावसाळ्यात तेलाचा हलका हात द्या, पण झाडण्याआधी कोरडा बोळा फिरवा.

प्रश्न : मुलगा कॅनडात, अल्बर्टात आहे. तिथे कायदेशीर हरणाची शिकार आणि रेंजवरची नेमबाजी दोन्ही करायची म्हणतो. कोणतं कॅलिबर? (एक पालक, प्रतापनगर, नागपूर)

उत्तर : तिथे ‘एकच रायफल’ शक्य आहे. .३०८ किंवा ६.५ क्रीडमूर, दोन्ही योग्य. अल्बर्टात मोठ्या प्राण्यांसाठी .२३पेक्षा लहान बोअर चालत नाही, त्यामुळे स्वस्त .२२३ बाद. .३०८ १९५२ पासून आहे, १५० ते १८० ग्रेनच्या गोळ्या कुठेही मिळतात आणि नळी हजारो गोळ्या टिकते. १०० मीटरवर शून्य केलेली (म्हणजे तिथे नेमावरच लागेल अशी दर्शनी लावलेली) १५० ग्रेनची गोळी ३०० मीटरवर ४० सेंटीमीटरच्या आसपास खाली येते. ६.५ क्रीडमूर २००७ची. धक्का ठळकपणे कमी, वाऱ्यात गोळी कमी सरकते, मात्र नळी लवकर झिजते. रेंजवर जास्त वेळ जाणार असेल तर ६.५. मूसचाही (तिथलं अवाढव्य हरीण) विचार असेल तर .३०८ आणि १८० ग्रेन. मॅग्नमच्या, म्हणजे जादा ताकदीच्या काडतुसाच्या नादी लागू नको म्हणावं, त्याच्या धक्क्यानं नेम बिघडतो.

एक गोष्ट त्याला नक्की सांगा. रेंजची आणि शिकारीची काडतुसं वेगळी ठेवायची, आणि दोन्हींचं शून्य वेगवेगळं घ्यायचं. पूर्ण तांब्याच्या आवरणाची गोळी प्राण्यात फुलत नाही, आरपार जाते आणि प्राणी जखमी होऊन तडफडतो. म्हणूनच न फुलणारी गोळी तिथल्या शिकारीत बेकायदा आहे. बंदूक घेण्याआधी त्याला कॅनडाचा बाळगण्याचा आणि खरेदीचा परवाना लागेल. भारतात येताना सामानात एकही काडतूस राहिलेलं नाही ना, हे प्रत्येक खिसा उलटा करून बघायला सांगा.

प्रश्न : एअर रायफलला परवाना लागतो का? (एक वाचक, उमरेड)

उत्तर : बोअर .१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल तर नाही. यांपैकी एकही मर्यादा ओलांडली तर लागतो. त्यामुळे .२२ बोअरची एअर रायफल ‘साधी हवेची आहे’ म्हणून विकत घेऊ नका. १० मीटरच्या स्पर्धेला .१७७च लागते. विकत घेताना बिलावर बोअर आणि ज्यूल दोन्ही लिहून घ्या.