बाळासोबत बिझनेस क्लास: तिकिटाआधी सीटचा नकाशा बघा

नऊ महिन्यांचं बाळ, मुंबई-लंडन प्रवास, तिकिटासाठी दोघांपुरते साठवलेले पॉइंट्स. त्यावर तुमचे दोन प्रश्न: बिझनेस क्लास घ्यावा का, आणि बाळ रडलं तर आजूबाजूचे काय म्हणतील? लेक दोन वर्षांची व्हायच्या आत मी तिला याच मार्गावर चार वेळा नेलंय, दोनदा इकॉनॉमीत आणि दोनदा बिझनेसमध्ये. माझं म्हणणं, जरूर घ्या, पण सीटचा नकाशा बघितल्याशिवाय एकही पॉइंट खर्च करू नका.

पहिल्या खेपेला मी हौसेनं खिडकीची एकटी सीट घेतली होती. चेक-इनला कळलं, त्या सीटच्या बेल्टमध्ये एअरबॅग आहे, मांडीवर बाळ असेल तर ती सीट देत नाहीत. तिकिटावर बाळाचं नाव होतं, तरी बुकिंगच्या वेळी कोणी बोललं नव्हतं. मला दुसरीकडे बसवलं आणि नवरा तीन ओळी मागे गेला. बाटल्या त्याच्या बॅगेत, दुपटी माझ्या. रात्रभर बिचारा ये-जा करत होता.

म्हणून १-२-१ अशी रचना (दोन्ही खिडक्यांना एकेक सीट, मध्ये दोन) असेल तर मधल्या जोडसीटा घ्या. त्यातही काही विमानांत या दोन सीटा एकमेकींना खेटून असतात, तर काहींत मध्ये एवढं अंतर असतं की बाळ हातातून हातात देता येत नाही. बॅसिनेट, म्हणजे बाळाचा छोटा पाळणा, ठरावीक सीटांसमोरच लागतं, बहुधा पहिल्या ओळीत. वजनाची मर्यादा प्रत्येक कंपनीची वेगळी, त्यामुळे फोन करून विचारा, तिथेच मागणी नोंदवून घ्या आणि चेक-इनला पुन्हा विचारा. पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. सीटबेल्टचा दिवा लागला की गाढ झोपलेल्या बाळालाही उचलून घ्यावं लागतं, आणि नऊ महिन्यांची मुलं त्यात उठून उभी राहू बघतात. खरा उपयोग होतो आडव्या होणाऱ्या सीटचा. एकानं जागं राहून बाळाला कुशीत घ्यायचं, दुसऱ्यानं पाठ टेकायची, मग पाळी बदलायची. मला ते तीन तास सलग मिळाले तेव्हा लंडनला उतरल्यावर मी माणसात होते.

दिवसाचं विमान असेल तर मात्र प्रीमियम इकॉनॉमीची (इकॉनॉमी आणि बिझनेसच्या मधल्या क्लासची) पहिली ओळ पुरते, पॉइंट्स वाचवा.

दोन वर्षांखालच्या बाळाला आंतरराष्ट्रीय प्रवासात साधारण १० टक्के भाडं पडतं, पण ते तुमच्या क्लासच्या भाड्याचं. काही कंपन्या पॉइंट्सच्या तिकिटावरही हे १० टक्के रोख भाड्यावरूनच काढतात. तो आकडा आधी विचारून घ्या.

लोकांचं म्हणाल, तर मलेशिया एअरलाइन्सनं २०११ च्या सुमारास आपल्या बोइंग ७४७ विमानांच्या फर्स्ट क्लासमध्ये तान्ह्या बाळांना बंदी केली, तेव्हा जगभर चर्चा झाली होती. तुमच्या कंपनीनं बाळाचं तिकीट दिलंय, म्हणजे ती जागा त्याचीही आहे. माझी लेक एकदा चाळीस मिनिटं रडली. शेजारच्या आजींनी नुसतं विचारलं, "कान दुखतायत का गं तिचे?"

कानच दुखत होते. विमान उतरताना केबिनमधला दाब वाढतो आणि बाळाच्या कानाची बारीक नळी तो पटकन सांभाळू शकत नाही. गिळलं की ती उघडते. म्हणून शेवटचं दूध राखून ठेवा, आणि उतरण्याच्या अर्धा तास आधी बाळ झोपेत असलं तरी हलकेच उठवून पाजायला घ्या.